विद्यापीठातल्या जागतिक आरोग्य संशोधन संस्थेत रुजू होताय? मग आधी हे वाचा

पीएचडीसाठी असो, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) म्हणून असो की संशोधन साहाय्यक म्हणून, जागतिक आरोग्य आणि आंतरराष्ट्रीय विकास या विषयांवर काम करणाऱ्या संस्थेत रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात वाचायच्या पेपरांचा गठ्ठा हातात पडतो. तो वाचायचा आहेच. पण त्याआधी आपल्या प्रकल्पाबद्दल तीन गोष्टी शोधून काढा: प्रश्न कोणी ठरवला, पैसा कुठून येतो आणि माहिती गोळा करायला दारोदार कोण हिंडतं. एवढं कळलं की गठ्ठ्यातला निम्मा मजकूर आपोआप उलगडतो. नाही कळलं, तर वर्षभर राबूनही आपण नेमकं कोणासाठी राबतोय याचा पत्ता लागत नाही.

पुढच्या पायऱ्या कामाच्या ओघात जशा येतात तशा मांडल्या आहेत. काही दुपारभरात उरकतात, काही प्रकल्प संपेपर्यंत पुरतात.

पायरी १: संस्थेचं घराणं ओळखा

‘जागतिक आरोग्य’ ही पाटी अलीकडची असली तरी तिच्यामागची घराणी जुनी आहेत, आणि बैठकीत कोणाचा आवाज चढा असतो हे बऱ्याचदा घराण्यावर ठरतं.

सगळ्यात जुनं उष्णकटिबंधीय वैद्यकाचं. लिव्हरपूलची संस्था १८९८ची, लंडनची १८९९ची. लिव्हरपूलच्या स्थापनेमागे पश्चिम आफ्रिकेशी व्यापार करणारे जहाजमालक आल्फ्रेड जोन्स होते. डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी १८९७ साली सिकंदराबादेत शोधणारे रोनाल्ड रॉस तिथेच शिकवायला गेले. वसाहतींतले अधिकारी, खलाशी आणि व्यापारी तापाने दगावू नयेत, ही त्या काळची गरज. दुसरं घराणं सार्वजनिक आरोग्याचं. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशातून १९१६ साली उभं राहिलेलं जॉन्स हॉपकिन्सचं विद्यालय हा त्याचा नमुना. तिसरं विकास अभ्यासाचं, इंग्लंडमधल्या ससेक्सच्या १९६६च्या संस्थेसारखं; तिथे आजारापेक्षा दारिद्र्य, जमीन आणि सत्ता यांची चर्चा जास्त. चौथं सगळ्यात तरुण: धोरणांच्या चाचण्या घेणारी एमआयटीमधली जे-पाल २००३ची, जगभरच्या आजारांचे अंदाज मांडणारी सिएटलची आयएचएमई २००७ची.

तुमची संस्था बहुधा यातल्या दोन-तीनांची सरमिसळ असेल. ओळखायचं कसं? आधीच्या संचालकांचे मूळ विषय पाहा. चर्चासत्रात पहिला आक्षेप कशावर येतो ते ऐका: नमुन्याच्या संख्येवर, प्रयोगशाळेतल्या चाचणीवर, की ‘गावातल्या लोकांना याबद्दल काय वाटतं?’ यावर.

घराण्यांतला हा फरक वरवरचा नाही. पश्चिम केनियातल्या ७५ शाळांत १९९८पासून मुलांना जंताच्या गोळ्या दिल्या गेल्या. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर या अर्थतज्ज्ञांनी २००४ साली त्यावर पेपर लिहिला: शाळेतली गैरहजेरी पाव हिश्शाने घटली, आणि गोळी न घेतलेल्या मुलांनाही फायदा झाला. पुढे २०१५ साली लंडनच्या साथरोगतज्ज्ञांनी तोच डेटा नव्याने तपासला. त्यांना आकडेमोडीत चुका सापडल्या आणि काही निष्कर्ष डळमळीत वाटले. अर्थतज्ज्ञांनी ठाम उत्तर दिलं आणि वाद चांगलाच रंगला. दोन्ही बाजूंकडे डेटा एकच होता. कशाला पुरावा म्हणायचं याच्या सवयी मात्र वेगळ्या होत्या. मूळ पेपर, फेरतपासणी आणि त्यावरचं उत्तर, असं तिन्ही सलग वाचा. महिनाभराच्या व्याख्यानांपेक्षा त्यातून जास्त हाती लागेल, असं माझं मत आहे.

पायरी २: पैशाची वाट शोधा

या पायरीला नवखी माणसं बिचकतात. पैशाबद्दल विचारणं त्यांना आगाऊपणाचं वाटतं. तो आगाऊपणा नाही. अशा संस्थांमधले बहुतेक संशोधक विद्यापीठाच्या कायम पगारावर नसतात. ग्रँट असते तोवर नोकरी असते. म्हणून पहिला प्रश्न स्वतःपुरता: माझा करार कधी संपतो आणि ग्रँट कधी संपते? या दोन तारखा एकच असतील असं धरून चालू नका.

मग प्रकल्पाचं मूळ प्रपोजल मागा. सारांश नको, अख्खं प्रपोजल हवं, बजेटसकट. ते मिळालं की तीन ठिकाणी बोट ठेवा.

एक, उद्दिष्टांचा तक्ता. देणगीदाराला वचन काय दिलंय ते इथे लिहिलेलं असतं. तुमच्या मार्गदर्शकांना एखादा बारीकसा प्रश्न कितीही आवडत असला, तरी तक्त्यात जे आहे ते आधी पूर्ण करावं लागतं.

दोन, वाटणी. विद्यापीठाकडे किती राहतात आणि जिथे काम चालतं त्या देशातल्या भागीदार संस्थेकडे किती जातात? ओव्हरहेड, म्हणजे इमारत, वीज, हिशेबनीस यांच्यासाठी मिळणारा टक्का, इथे डोळे उघडतो. अमेरिकेच्या एनआयएचने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने, वर्षानुवर्षं परदेशी संस्थांना ८ टक्के ओव्हरहेड दिला, तर अमेरिकेतल्या कित्येक विद्यापीठांचा ठरलेला दर ५० टक्क्यांच्या वर होता. भागीदार संस्थेतला हिशेबनीस तीन प्रकल्प एकटा का सांभाळतो आणि तुमच्या बिलाला उशीर का होतो, याचं उत्तर अनेकदा त्या ८ टक्क्यांत असतं. चिडून ईमेल लिहिण्याआधी हे आठवा.

तीन, पैसा मध्येच आटला तर काय, याची तरतूद. २०२५च्या जानेवारीत अमेरिकी सरकारने परदेशी मदत गोठवली आणि जुलैपर्यंत ती मदत वाटणारी यूएसएड ही संस्थाच गुंडाळली गेली. चालू चाचण्या अर्ध्यावर थांबल्या. संशोधकांच्या नोकऱ्या गेल्या हा एक भाग झाला. ज्यांना चाचणीतलं औषध किंवा उपकरण दिलेलं होतं, त्यांची पुढची तपासणी कोण करणार हा त्याहून अवघड प्रश्न. तुमच्या प्रकल्पात लोकांवर काही उपचार होत असतील, तर निधी थांबल्यावर त्यांची जबाबदारी कोणाची हे लेखी आहे का, ते विचारून घ्या.

देणगीदारांची ओळखही हळूहळू करून घ्या, म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारणार नाही. वेलकम आणि गेट्स ही खासगी प्रतिष्ठानं आणि एनआयएच संशोधनाला पैसे देतात. युरोप आणि सहाराच्या दक्षिणेकडचे आफ्रिकी देश यांच्या भागीदारीत चालणाऱ्या चाचण्यांसाठी २००३पासून ईडीसीटीपी आहे. ‘गावी’ ही लसींसाठीची आंतरराष्ट्रीय आघाडी २०००ची आणि एड्स, क्षयरोग, मलेरिया यांच्यासाठीचा ग्लोबल फंड २००२चा. या दोन्ही संस्था मुख्यतः लसी, औषधं आणि कार्यक्रम यांच्यासाठी पैसा उभा करतात. आपली मूलभूत संशोधनाची कल्पना घेऊन त्यांच्याकडे जाण्यात अर्थ नाही.

पायरी ३: आकडा मोजलेला की अंदाजलेला, ते विचारा

शाश्वत विकासाची उद्दिष्टं १७ आणि लक्ष्यं १६९. त्यातलं तिसरं उद्दिष्ट आरोग्याचं. २०३०पर्यंत मातामृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे ७०च्या खाली आणि पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू हजारी २५पर्यंत आणायचे, असं त्यात लिहिलंय. हे आकडे तुम्हाला प्रत्येक प्रपोजलच्या पहिल्या पानावर भेटतील. पाठ होतीलच.

महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ज्या देशांत बहुतेक मृत्यूंची नोंदच होत नाही, तिथला मृत्युदर येतो कुठून? काही ठिकाणी तो खरोखर मोजलेला असतो, घरोघर जाऊन. बांगलादेशातल्या ‘मतलब’ नावाच्या ग्रामीण भागात १९६६पासून जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची सलग नोंद ठेवली जाते. मृत्यूचं कारण डॉक्टरने लिहिलेलं नसेल, तर घरच्यांशी बोलून शेवटच्या दिवसांतली लक्षणं विचारतात आणि त्यावरून कारण ठरवतात. याला शाब्दिक शवचिकित्सा म्हणतात. पण कितीतरी देशांचे आकडे हे मॉडेलमधून काढलेले अंदाज असतात: शेजारच्या देशांचा डेटा, उत्पन्न, शिक्षण, जुनी सर्वेक्षणं असं सगळं घालून. अंदाज वाईट नसतात. फक्त त्यांच्याबरोबर येणारी अनिश्चिततेची मर्यादा सादरीकरणात हमखास गळते. तुम्ही ती गाळू नका.

डॅली हे मापही याच टप्प्यावर समजून घ्या. अकाली मृत्यूने गेलेली वर्षं आणि आजारात किंवा अपंगत्वात काढलेली वर्षं यांची ती बेरीज. जागतिक बँकेच्या १९९३च्या अहवालाने तिला चलनात आणलं. आजारपणातलं एक वर्ष किती ‘वजनाचं’ हे कोणीतरी ठरवलेलं असतं, एवढं ध्यानात असलं की पुरे. बाकीचं गरज पडेल तसं कळेल.

हात बसवण्यासाठी डीएचएसची, म्हणजे लोकसंख्या आणि आरोग्याची घरोघरची सर्वेक्षणं उत्तम. १९८४पासून ९०हून अधिक देशांत झालेल्या या सर्वेक्षणांच्या फाइली नोंदणी करून संशोधनासाठी मागवता येतात. २०२५मध्ये अमेरिकी निधी थांबल्यावर त्यांचा कार्यक्रम अडचणीत आला, तरी जुना डेटा शिकायला मुबलक आहे. युनिसेफची एमआयसीएस सर्वेक्षणंही याच जातीची. एक देश घ्या, अहवालातला एखादा तक्ता घ्या आणि मूळ फाइलमधून तोच आकडा काढून दाखवा. आकडा जुळत नसेल तर बहुतेक वेळा नमुन्याचे भारांक, म्हणजे कोणत्या नोंदीला किती वजन द्यायचं ते आकडे, लावायचे राहिलेले असतात.

पायरी ४: भागीदार कोण, आणि केव्हापासून

विद्यापीठाच्या संस्थेचं नाव मोठं असलं, तरी काम दुसरीकडेच चालतं: जिल्हा रुग्णालयात, सरकारी आरोग्य केंद्रात, दुसऱ्या देशातल्या संशोधन केंद्रात. म्हणून तुमच्या प्रकल्पातला भागीदार कोणत्या टप्प्यावर आत आला, ते पाहा. प्रश्न ठरवताना तो हजर होता का? की प्रपोजलची मुदत संपायला चार दिवस उरले असताना त्याला सीव्ही आणि पाठिंब्याचं पत्र मागणारा ईमेल गेला? दुसरा प्रकार फार चालतो. त्याची लक्षणंही ठरलेली: ऑनलाइन बैठका कायम विद्यापीठाच्या सोयीच्या वेळी, अध्यक्षस्थानी एकच माणूस, इतिवृत्त लिहिणारी मात्र भागीदार संस्थेतली कनिष्ठ सहकारी.

प्रश्न आणि तो पडलेला माणूस एकाच जागी असले की काय होतं, याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण ओआरएसचं. ढाक्याला १९६०पासून पटकीवर (कॉलऱ्यावर) संशोधन करणारी प्रयोगशाळा होती. मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने दिलं तरी पटकीचा रुग्ण सावरतो, हे तिथे १९६८ साली डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी दाखवलं. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे सीमेपलीकडे भारतात आले आणि पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ भडकली. जॉन्स हॉपकिन्सच्या कोलकात्यातल्या केंद्रात काम करणारे दिलीप महालनबीस तिथे गेले. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. त्यांच्या पथकाने पुड्या भरल्या: लिटरभर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. पाजण्याचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. त्यावरचा पेपर १९७३ साली छापून आला.

ही गोष्ट संस्थांच्या माहितीपत्रकात गौरवाने सांगतात. नवख्या माणसाने त्यात पाहायचं ते हे, की परदेशी विद्यापीठाचं केंद्र मुळात तिथे होतं, वर्षानुवर्षं होतं, आणि निर्णय घेणारा माणूस छावणीत उभा होता. संमतीसाठी हजारो मैलांवरच्या समितीच्या ईमेलची वाट तो पाहत बसला नाही. तुमच्या प्रकल्पात फील्डमधल्या माणसाला स्वतःच्या अखत्यारीत काय बदलता येतं, ते विचारा. उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर पुढच्या बैठकीत हा विषय काढा.

पायरी ५: परवानग्या, आणि संमतीपत्राची परीक्षा

विद्यापीठाच्या नैतिक समितीची मान्यता मिळाली म्हणजे झालं, हा गैरसमज. जिथे काम होणार त्या देशाच्या समितीचीही मान्यता लागते. अनेक देशांत त्याखेरीज संशोधनाचा वेगळा परवाना लागतो, जिल्हा आरोग्य कार्यालयाचं पत्र लागतं, रक्ताचे नमुने देशाबाहेर न्यायचे तर वेगळा करार लागतो. डेटा बाहेर पाठवायचा तरी करार. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला सहभागी घेण्याआधी तिची नोंदणी हवी. प्रमुख वैद्यकीय जर्नल २००५पासून नोंदणी नसलेली चाचणी छापत नाहीत. एकूण वेळ महिन्यांत मोजा. वेळापत्रकात यासाठी एकच महिना दिसला, तर ते वेळापत्रक फील्डवर न गेलेल्या माणसाने केलंय असं समजा.

नियमांचं मूळ १९६४च्या हेलसिंकी जाहीरनाम्यात आहे, आणि त्याची ताजी आवृत्ती २०२४ची. वाचायला तासभर पुरतो. पण नियम का आहेत ते प्रकरणांतून जास्त कळतं. ॲरिझोनातल्या हावासुपाई जमातीच्या लोकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं होतं. तेच नमुने स्किझोफ्रेनिया आणि जमातीचं मूळ स्थलांतर अशा भलत्याच विषयांसाठी वापरले गेले. २०१० साली तो अभ्यास करणाऱ्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने ७ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि नमुने परत केले. देशांच्या पातळीवरही असंच घडतं. इंडोनेशियाने २००७ साली बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने देणं थांबवलं, कारण त्या नमुन्यांवरून बनणारी लस त्या देशालाच परवडणार नव्हती. त्या पेचातून २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेत नमुने आणि लाभ यांच्या वाटपाची चौकट ठरली. नमुन्यांचा करार हा निव्वळ कागदी सोपस्कार वाटायला लागला की ही दोन प्रकरणं आठवा.

आता संमतीपत्र. ते मनात वाचू नका. मोठ्याने वाचा, घड्याळ लावून. वीस मिनिटं लागत असतील, तर कडेवर मूल घेऊन उंबऱ्यात उभी असलेली बाई ते ऐकणार नाही. ती मान हलवेल आणि अंगठा देईल. मग फील्डवर जाल तेव्हा संमती झाल्यावर लगेच एकच प्रश्न विचारून बघा: ‘तुम्ही नाही म्हणाला असतात तर काय झालं असतं?’ ‘काही नाही’ असं उत्तर आलं तर ठीक. ‘दवाखान्यात औषध मिळालं नसतं’ असं आलं, तर त्या कागदावर अंगठा असला तरी संमती नाही. हे एकदा झालं तर त्या घरापुरतं सुधारा. चार घरांत झालं तर समजावण्याची पद्धत बदला आणि समितीला कळवा.

पायरी ६: फील्डवर जा, आणि मोजमाप स्वतः करून पाहा

विश्लेषणच करायचं असलं तरी काही दिवस सर्वेक्षकांबरोबर हिंडा. निरीक्षक बनून मागे उभं राहू नका. शिकाऊ म्हणून हाताखाली काम करा.

बालकांची वाढ मोजणं हे साधं काम घ्या. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजतात, त्याहून मोठ्याची उंची उभं करून. झोपवून घेतलेलं माप उभ्या मापापेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटरने जास्त येतं, त्यामुळे कसं मोजलं हे लिहावंच लागतं. काम दोघांचं. एकाने डोकं फळीच्या वरच्या टोकाला टेकवून धरायचं, मुलाची नजर सरळ वर राहील असं. दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती पट्टी तळव्यांना टेकवायची. मूल रडतं, पाय झाडतं, आई कासावीस होते, भोवती पोरांचा गराडा पडलेला असतो. आकडा मिलिमीटरपर्यंत वाचायचा, मोठ्याने म्हणायचा, लिहिणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा. त्यानंतर वय. जन्माचा दाखला किंवा लसीकरणाचं कार्ड नसेल, तर सण, पेरणी, पूर, निवडणूक अशा घटनांच्या पत्रकावरून महिना काढावा लागतो. वय दोन-तीन महिन्यांनी चुकलं तरी खुरटलेलं मूल कागदावर धडधाकट दिसू शकतं.

दंडाचा घेर त्यामानाने सोपा. डावा हात सैल सोडलेला, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध पट्टी, घट्ट नाही आणि ढिलीही नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयात घेर ११५ मिलिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण. ११५ ते १२५च्या दरम्यान मध्यम.

इथे खरा प्रश्न उभा राहतो. पट्टीवर ११० आकडा दिसला; आता तुम्ही काय करणार? टॅब्लेटवर भरून पुढच्या घरी जाणार? प्रकल्पाच्या कागदांत अशा मुलाला कुठे पाठवायचं, नेणार कोण, प्रवासाचा खर्च कशातून करायचा हे लिहिलेलं हवं, आणि ज्या केंद्रात पाठवायचं तिथे उपचाराचा साठा आहे ना, हे आधी जाऊन पाहिलेलं हवं. चिठ्ठी देऊन मोकळं होण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही. रिकाम्या कपाटाच्या दवाखान्यापर्यंत बाईला एकदा पायपीट करायला लावली की पुढच्या फेरीत ती दार उघडत नाही, आणि तिचं बरोबरच असतं.

सर्वेक्षकांशी बोलताना त्यांचा रोजचा भत्ता वेळेवर मिळतो का, संध्याकाळी परतायला वाहन असतं का, एकट्या बाईला लांबच्या वस्तीवर पाठवतात का, हेही विचारा. प्रश्नावलीतला कोणता प्रश्न विचारताना त्यांनाच संकोच वाटतो, हे त्यांच्याइतकं कोणीच सांगू शकत नाही.

पायरी ७: डेटा आला की आधी शेवटचा अंक पाहा

आकडेवारी हातात आली की लगेच मोठं विश्लेषण सुरू करू नका. उंचीच्या सगळ्या नोंदींचा दशांशातला अंक काढा. ० ते ९ हे अंक साधारण सारख्याच प्रमाणात, म्हणजे प्रत्येकी १० टक्क्यांच्या आसपास यायला हवेत. ० आणि ५चे डोंगर दिसले, तर कोणीतरी आकडा वाचण्याऐवजी जवळच्या अंकावर टेकवलाय. वयातही तसंच: १२, २४, ३६ महिन्यांवर गर्दी दिसली की घटनांचं पत्रक वापरलं गेलं नाही असं समजा. सर्वेक्षकानुसार वेगवेगळं काढा. एकाच माणसाच्या नोंदींत घोळ असेल तर त्याला पुन्हा शिकवा. सगळ्यांच्याच असेल, तर चूक प्रशिक्षणात किंवा उपकरणात आहे. हे आठवड्याला करायचं काम आहे. सर्वेक्षण संपल्यावर कळून उपयोग नसतो.

पायरी ८: पेपरावर नाव कोणाचं, हे सुरुवातीलाच

वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीने लेखक कोणाला म्हणावं याचे चार निकष दिलेत: आखणी, माहिती गोळा करणं किंवा विश्लेषण यात भरीव वाटा; मसुदा लिहिणं किंवा त्यात मोलाची दुरुस्ती; अंतिम मसुद्याला संमती; आणि कामाची जबाबदारी घेणं. चारही लागतात. यातली गोम अशी, की वर्षभर फील्ड सांभाळणारी पर्यवेक्षक पहिला निकष सहज पार करते. दुसरा तिला पार करताच येत नाही, कारण मसुदा तिच्याकडे पाठवलेलाच नसतो. मग तिचं नाव आभारात जातं आणि सगळं नियमाला धरून झालं असं म्हणता येतं. त्याच समितीने असंही सांगितलंय, की पहिला निकष पुरा करणाऱ्याला पुढच्या टप्प्यांची संधी द्यावी. तेवढं वाक्य दाखवून पहिल्याच बैठकीत लेखकांची यादी आणि क्रम लिहून काढा. नंतर बदलता येते. नसलेली यादी बदलता येत नाही.

भागीदारांना पेपर वाचायला मिळतात का हेही पाहा. तुमच्या विद्यापीठाच्या लॉगिनवर सगळी जर्नलं उघडतात, त्यांच्याकडे उघडतीलच असं नाही. कमी उत्पन्नाच्या देशांतल्या संस्थांसाठी २००२पासून हिनारी ही जर्नलं मोफत किंवा स्वस्तात वाचण्याची सोय आहे, पण ती कोणाला मिळते हे देशावर ठरतं.

पायरी ९: निकाल परत नेऊन द्या

बजेटमध्ये ‘निष्कर्षांचा प्रसार’ अशी ओळ असते आणि ती बहुतेक परिषदेच्या विमान तिकिटांत संपते. ज्यांच्या घरी गेलात त्यांना काय सांगणार, त्याची वेगळी ओळ सुरुवातीलाच घालून घ्या. दक्षिण आफ्रिकेतल्या सान समाजाने २०१७ साली संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली: आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी. वचन देऊन परत न येणारे संशोधक हे ती काढण्यामागचं एक कारण. तुमच्याकडे अशी संहिता नसली तरी आधी आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यांना, मग गावाला, मग जिल्ह्याला आणि शेवटी परिषदेला, असा क्रम ठेवता येतो. निकाल नकारात्मक असला, गोळीचा उपयोग झाला नाही असं निघालं, तरी सांगायचं. उलट तेव्हा जास्तच, कारण लोकांनी ती गोळी घेतलेली असते.

पायरी १०: निघताना

करार संपण्याच्या तीन महिने आधी आवरायला घ्या. प्रत्येक चलाचा अर्थ सांगणारी फाइल, विश्लेषणाचा कोड, कोणत्या नोंदी का गाळल्या त्याची टीप, हे सगळं भागीदार संस्थेच्या सर्व्हरवरही ठेवा. सह्यांची संमतीपत्रं कुलुपात कुठे आहेत आणि किल्ली कोणाकडे आहे ते लिहा. नैतिक मान्यतेचं वार्षिक नूतनीकरण कधी येतं ते पुढच्या माणसाच्या कॅलेंडरमध्ये घाला. मान्यता मधल्या काळात संपली तर त्या अवधीत गोळा केलेला डेटा वापरता येईल की नाही याचा घोळ होतो. समितीकडे समाप्तीचा अहवाल द्यायचा असेल तर त्याचा मसुदा करून ठेवा. आणि विद्यापीठाचा ईमेल बंद होण्याआधी भागीदार संस्थेतल्या सहकाऱ्यांना तुमचा दुसरा पत्ता कळवा. पेपरवरचे आक्षेप सहसा त्यानंतरच येतात.